कोयनेचे विंधनविवर आणि आपण

‘पाणी लागले की बोअर थांबवायची असते. इथे पाणी नको, तेल नको, सोने नको, आणि तरी तीन किलोमीटर खोल भोक पाडायचे, हा कसला उद्योग?’ कोयनेच्या खोल विंधनविवराचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारा अडाणी असतो असे मुळीच नव्हे. १९७२ च्या दुष्काळापासून विंधनविहीर ही महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक झालेली वस्तू आहे. फुटाला किती पैसे पडतात आणि दोनशे फुटांवरही नुसती धूळ उडाली म्हणजे शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रश्न सुचणारच. तेव्हा तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर विज्ञान शाखेने द्यावे आणि आपण कला शाखेच्या मंडळींनी एकतर टाळ्या वाजवाव्यात किंवा नाके मुरडावीत, ही वाटणी मला मान्य नाही. माझ्या मते हे भोक पाडणे योग्य आहे आणि ते संकल्पाप्रमाणे पुरते खोल गेले पाहिजे. शिवाय त्यातून जे कळेल त्याचा हिशेब वर राहणाऱ्या माणसांना त्यांच्या भाषेत मिळाला पाहिजे. ही शेवटची गोष्ट आपल्या कक्षेतली आहे खरी. पण आधीचे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

आधी थोडे गणित. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून तिच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. माणसाने आजवर सरळ खाली पाडलेले सर्वांत खोल विवर १२,२६२ मीटरांचे, म्हणजे त्या अंतराचा पाचशेवा भागही नाही. चंद्रावरचा दगड माणसाने १९६९ साली हातात घेतला. पायाखाली पंधरा किलोमीटरवर असलेला दगड मात्र तिथवर पोचून अजून कोणी आणलेला नाही. खालच्या जगाविषयी पुस्तकांत जे छापलेले असते ते बहुतेक भूकंपाच्या लहरींवरून बांधलेले अनुमान असते. लहर कुठे वेगाने गेली, कुठे वळली, कुठून परत फिरली, यावरून आत काय असेल ते ठरवायचे. भिंतीवर टिचक्या मारून आत वीट आहे की माती हे ओळखावे तसे. ही विद्या लहानसहान नव्हे. तरीपण टिचकीने ओळखलेली भिंत आणि फोडून पाहिलेली भिंत यांत अंतर राहतेच. आपल्या पूर्वजांनी अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ अशी सात नावे तिथे न जाता दिली म्हणून आपण त्यांना हसतो. आधुनिक शास्त्रानेही न जाता काही नावे दिली आहेतच. शास्त्राचे मोठेपण यात की ते पुढे भोक पाडून आपलेच नाव तपासायला तयार होते.

भूखंडाच्या कवचात अशी तपासणी मोठ्या प्रमाणावर प्रथम केली ती सोविएत संघाने. नॉर्वेच्या सीमेजवळ, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे असलेल्या कोला द्वीपकल्पावर १९७० च्या मे महिन्यात काम सुरू झाले. तेलाचा शोध हा उद्देश नव्हता. पंधरा किलोमीटर खाली जायचे आणि वाटेत काय लागते ते पाहायचे, असा बेत होता. त्या भागात भूकंपलहरींचा वेग सुमारे सात किलोमीटर खोलीवर एकाएकी वाढतो. ही सीमा कॉनराड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाई, आणि तिथे ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट सुरू होतो असे पाठ्यपुस्तके सांगत. विवर सात किलोमीटरांवर गेले, आठवर गेले, नऊवर गेले. बेसॉल्ट काही आला नाही. लागला तो ग्रॅनाइटच्याच जातीचा, उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला, तडे गेलेला खडक; आणि त्या तड्यांत पाणी! इतक्या दाबाखाली तडे उघडे राहतील आणि त्यांत पाणी असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. सुमारे सहा किलोमीटरांवर अतिप्राचीन सूक्ष्मजीवांचे अवशेष मिळाले, ते वेगळेच. लहरींनी खोटे सांगितले नव्हते. वेग तिथे खरोखरच वाढत होता. चुकला होता तो माणसाने लावलेला अर्थ. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

कोलाची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९८३ साली विवर बारा किलोमीटरांच्या पुढे गेले. १९८४ मध्ये सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या नळ्या तुटून आत अडकल्या आणि सात किलोमीटरांपासून दुसरी वाट काढून पुन्हा खाली उतरावे लागले. १९८९ साली १२,२६२ मीटरांचा टप्पा गाठला. तिथे शंभर अंशांच्या आसपास उष्णता असेल असा अंदाज होता. निघाली १८० अंश. त्या उष्णतेत खडकच मऊ वागू लागला, हत्यारे निकामी होऊ लागली, आणि १९९२ साली काम थांबले. तोवर सोविएत संघही उरला नव्हता. आज तिथे मोडकळीला आलेल्या इमारती आहेत आणि जेवणाच्या ताटापेक्षाही लहान तोंडाच्या त्या विवरावर आवळून बसवलेले एक लोखंडी झाकण आहे.

याच विवराच्या ख्यातीवर एक अफवा पोसली गेली. रशियनांनी सायबेरियात चौदा किलोमीटर खोल भोक पाडले, खाली अकराशे अंश उष्णता लागली, ध्वनिग्राहक आत सोडला तेव्हा पापी जिवांचा आक्रोश ऐकू आला, असे वृत्त अमेरिकेतील एका धार्मिक दूरचित्रवाहिनीने १९८९ साली पसरवले. कितीतरी लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. मला या कथेची गंमत वाटते ती अशी की खरी हकीकत तिच्याहून अद्भुत होती. सहा किलोमीटरांवर जिवांचे ठसे आणि नऊ किलोमीटरांवर तड्यांतले पाणी यांच्यापुढे तो ठरावीक नरक अगदीच शिळा वाटतो.

दुसरे मोठे विवर जर्मनीतले. बव्हेरियात विंडिशएशेनबाख नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९८७ ते १९८९ या काळात चार किलोमीटरांचे प्रायोगिक विवर आणि १९९० ते १९९४ या काळात ९,१०१ मीटरांचे मुख्य विवर पाडले गेले. खर्च पन्नास कोटी मार्कांच्या घरात गेला. प्राचीन काळी दोन भूखंडे जिथे एकमेकांना भिडली तो सांधा तीन ते पाच किलोमीटरांच्या दरम्यान लागेल अशी अपेक्षा होती. तो लागलाच नाही. लहरींच्या नकाशात ज्या रेघा स्पष्ट दिसत होत्या त्यांतल्या काही, खडक फुटून ज्यांत खारे पाणी भरले आहे असे पट्टे निघाले. तळाशी उष्णता सुमारे २६५ अंश होती. म्हणून दहा-बारा किलोमीटरांचा बेत सोडून द्यावा लागला. म्हणजे दोन वेगळ्या राज्यपद्धतींच्या दोन देशांनी, दोन वेगळ्या ठिकाणी, अपार पैसा ओतून एकच गोष्ट सिद्ध केली: वरून पाहून खालचे जे सांगितले होते ते पुष्कळसे चुकीचे होते. पैसे वाया गेले असे यावरून कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. चुकीचे ज्ञान फुकट मिळाले तरी ते महागच पडते, आणि ते कसे हे पाहायला आपल्याला रशियात किंवा जर्मनीत जाण्याचे कारण नाही.

दख्खनचे पठार हा स्थिर, निश्चल भूभाग, अशी शास्त्रज्ञांची जुनी समजूत. तिच्याच भरवशावर आपण धरणे बांधली, घरे बांधली. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले, जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ प्रतीचा भूकंप झाला. माणसे साखरझोपेत होती. सुमारे दोनशे माणसे मरण पावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले. पुढे तिला बळकटी द्यावी लागली. जलाशयाशी संबंध असलेला याहून मोठा भूकंप जगात आजवर नोंदलेला नाही. आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता, चीनमधील सिनफेंगजियांग या जलाशयांशीही सहा प्रतीहून मोठे भूकंप जोडले जातात. परंतु तिकडचे हादरे कालांतराने मंदावले. कोयनेचे अजून थांबलेले नाहीत. पाच किंवा अधिक प्रतीचे वीसहून जास्त आणि चारच्या वरचे सुमारे दोनशे भूकंप, हे सगळे सुमारे वीस किलोमीटर रुंद व तीस किलोमीटर लांब अशा एवढ्याशा टापूत. १९८५ मध्ये जवळच वारणा जलाशय भरू लागल्यावर हादऱ्यांचा पट्टा दक्षिणेकडेही वाढला.

हे धरणामुळे झाले की नाही, यावरून तेव्हा तज्ज्ञांत दोन तट पडले. भागातल्या शेतकऱ्यांनी मात्र केव्हाच निकाल दिला होता: पाणी आले आणि जमीन हलू लागली. शास्त्राला हा निकाल तसाच्या तसा मान्य नाही, आणि इथेच आपल्या भाषेतले दोन शब्द फार उपयोगी पडतात: कारण आणि निमित्त. सह्याद्रीखालच्या जुन्या खडकात ताण पूर्वीपासून साचलेला होता, तिथला प्रस्तरभंग सरकण्याच्या बेतात होता. तो ताण धरणाने निर्माण केला नाही. पाण्याचे वजन आणि तड्यांतून खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी शेवटचा धक्का दिला. म्हणजे कारण भूगर्भात, धरण हे निमित्त. इंग्रजी ग्रंथांत ‘इंड्यूस्ड’ आणि ‘ट्रिगर्ड’ अशा दोन शब्दांवरून बराच ऊहापोह झालेला आहे. मराठी माणसाला तो भेद न शिकवता कळतो.

परंतु ‘निमित्त’ हा शब्द मोठा लबाडही आहे. ‘धरण निमित्तमात्र’ असे म्हटले की जबाबदारी झटकल्यासारखे होते, जणू धरण नसते तरी काय फरक पडला असता! मला हा सूर मान्य नाही. भूगर्भातला ताण आपल्या हातात नाही; पण निमित्त आपल्या हातात आहे, कारण त्या निमित्ताला दरवाजे आहेत आणि ते माणूस उघडतो, माणूस मिटतो. जलाशयाची पातळी किती वेगाने चढते, किती उंचीवर किती काळ टिकते, आणि पावसाळ्यानंतर हादरे कसे वाढतात, यांचा संबंध वर्षानुवर्षे अभ्यासला गेला आहे. हर्ष गुप्ता यांनी १९८३ साली असे मांडले की पाच प्रतीच्या भूकंपांपूर्वी जलाशय आठवड्याला बारा मीटरांहून अधिक वेगाने भरलेला आढळतो. ही अट पुरी झाली की भूकंप होतोच असे नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. आता हा नियम खरा किती, आणि वरचे पाणी खाली पाच-सहा किलोमीटरांवर नेमके काय करते, हे वर बसून ठरणार कसे? कोला आणि विंडिशएशेनबाख येथे वर बसून ठरवलेल्या गोष्टींचे काय झाले ते आपण पाहिलेच. धरणाचे दरवाजे कसे हाताळावे हा प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या माणसांच्या घरादाराचा आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग खालच्या खडकात आहे. म्हणून भोक.

शिवाय भूकंप जिथे जन्मतो तिथे हात पोचेल अशा जागा जगात फार नाहीत. कोयनेचे बहुतेक हादरे दोन ते दहा किलोमीटर खोलीवर उगम पावतात, टापू लहान आहे, आणि आसपास पन्नास किलोमीटरपर्यंत भूकंपाचे दुसरे मोठे केंद्र नाही. अशी प्रयोगशाळा कोणी मागून मिळत नाही. आपल्याला ती न मागता मिळाली आहे, आणि तिची किंमत कोणी चुकती केली हे विसरायचे नाही.

प्रत्यक्ष काम असे झाले. २०११ साली या विषयावर देशोदेशीच्या शास्त्रज्ञांची बैठक झाली. त्यानंतर २०१२ ते २०१४ या काळात केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाने कोयना-वारणा टापूत सुमारे दीड किलोमीटरपर्यंत खोल अशी नऊ विवरे पाडून खडकाचे अखंड दंडगोल बाहेर काढले. आपला काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, कुठे ४१२ मीटर जाडीचा निघाला तर कुठे १,२५१ मीटर. अजिंठा-वेरूळ ज्यात कोरले, गडांचे तट ज्याचे बांधले, तो हा पाषाण म्हणजे एक झाकण आहे. झाकणाखाली ग्रॅनाइट व तत्सम खडक, वय अडीच अब्ज वर्षांहून अधिक. भूकंप होतात ते या खालच्या खडकात. कोयनेला झाकण आणि खालचा खडक थेट एकमेकांवर टेकलेले आहेत. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटरांचे विवर पाडले तेव्हा ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली आठ मीटरांचा गाळखडक लागला होता, आणि मग जुना खडक. एका ठिकाणी लाव्ह्याने कुठल्यातरी प्राचीन तळ्या-नदीचा गाळ झाकून ठेवला, दुसऱ्या ठिकाणी उघड्या कातळावर येऊन तो पसरला. ज्या महाराष्ट्राच्या इतिहासाची सुरुवात आपण सातवाहनांपासून करतो त्याच्याखाली हा असा एक इतिहास आहे. (किल्लारी त्या वेळच्या नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती, हेही जाता जाता सांगायला हवे. चुकीचे ज्ञान महाग पडते असे वर म्हटले ते यासाठी.)

यानंतर गोठणे येथे तीन किलोमीटरांचे प्रायोगिक विवर पाडले गेले. २०१६ च्या डिसेंबरात काम सुरू झाले आणि २०१७ च्या मध्याला पुरे झाले. सुमारे साडेबाराशे मीटर काळा पाषाण आणि पुढे ग्रॅनाइट. त्यात पाणी आढळले, थेट तीन किलोमीटरांपर्यंत, आणि परीक्षेअंती ते पावसाचे पाणी निघाले. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे भोक सार्थकी लागले असे म्हणायला तयार आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस तीन किलोमीटर खाली उतरतो! शेतकऱ्यांचा तो जुना निकाल आठवावा. पाणी खाली पोचते की नाही यावर इतकी वर्षे वाद घालता येत होता. निदान तीन किलोमीटरांपुरता तरी तो आता संपला. मात्र मोठे हादरे याहून खोल जन्मतात. सहा किलोमीटरांपर्यंत जाण्याचा संकल्प आहे, तो तीनवर सोडून देणे म्हणजे विहीर ओलीला लागल्यावर फावडे टाकून घरी जाण्यासारखे होईल.

विरोधातला खरा वजनदार मुद्दा पैशाचा नाही, भीतीचा आहे. ‘आधीच हलणाऱ्या जमिनीला भोक पाडलेत तर ती अधिक हलेल’ असे कोणी म्हटले तर त्याला अंधश्रद्ध ठरवून मोकळे होणारे शहाणे मला आवडत नाहीत. जर्मनीच्या त्या विवरात १९९४ साली नऊ किलोमीटर खोलीवर मुद्दाम पाणी दाबले, तेव्हा सुमारे चारशे सूक्ष्म भूकंप झाले. सर्वांत मोठा १.२ प्रतीचा, म्हणजे वर कोणाला जाणवणारही नाही असा. पण झाले, हे खरे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराखाली २००६ साली भूगर्भातील उष्णता मिळवण्यासाठी पाणी दाबले तेव्हा तीनच्या वरचा धक्का बसला आणि तो प्रकल्प गुंडाळावा लागला. तेव्हा भीती निराधार नाही. फरक कशात आहे तो नीट सांगितला पाहिजे: या धक्क्यांना निमित्त झाले ते दाबाने आत घातलेले पाणी. ताटाएवढ्या रुंदीच्या भोकातून खडक काढणे आणि आत उपकरणे ठेवून खडकाचे तापमान, ताण व पाण्याचा दाब मोजत राहणे ही वेगळी गोष्ट आहे. कोयनेला पावसाळ्यानंतर शंभर अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी साठते. खालच्या खडकाच्या दृष्टीने दखल घेण्याजोगी गोष्ट ती आहे. पण हे गोठण्याच्या नि रासाटीच्या माणसाला समोर बसवून कोणीतरी सांगायला हवे ना? आणि उद्या खाली पाणी दाबून पाहण्याचा प्रयोग कोणाच्या मनात आला, तर तो करण्यापूर्वी त्याच माणसाला विचारायला हवे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. या विवरामुळे ‘अमुक दिवशी भूकंप होणार’ असे कळू लागेल अशी आशा काही वृत्तपत्रे मधूनमधून दाखवतात. तसे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोजमाप मिळेल, समज वाढेल; तारीख मिळणार नाही. तारखेचे आमिष दाखवून भोकाला लोकमान्यता मिळवली तर पहिल्याच मोठ्या धक्क्याला लोक शास्त्रावर उलटतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

आता आपल्या कामाकडे येतो. या सर्व उद्योगाचा वृत्तान्त आहे कुठे? इंग्रजी नियतकालिकांत, जगभरच्या तज्ज्ञांसाठी लिहिलेला. तो तसाच असायला हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या पाटण तालुक्याच्या पोटातून तो निघाला तिथल्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींना, सरपंचांना, धरणाने उठवल्यामुळे रायगड-ठाण्यापासून सांगली-सोलापूरपर्यंत विखुरलेल्या कुटुंबांना मराठीत हातात देता येईल असे काय आहे? त्यांनी राज्याच्या विजेसाठी जमीन दिली, मग हादरे सोसले, आणि आता त्यांच्याच जमिनीखालच्या खडकाची ओळख त्यांना परक्या भाषेत, तीही उडत उडत, व्हावी हे मला अन्यायाचे वाटते. ‘मराठीत शब्द नाहीत’ ही सबब जुनी झाली. विंधनविवर, प्रस्तरभंग, छिद्रजलदाब हे शब्द आहेत. जड वाटत असतील तर भोक, भेग, मुरलेल्या पाण्याचा दाब म्हणावे. लोकांनी आपले शब्द केव्हाच घडवले आहेत. ‘गडगड झाली’, ‘धक्का बसला’, ‘भांडी वाजली’ हा भूकंपाच्या प्रतींचा घरगुती कोश आहे. भांडी वाजणे आणि भिंत उलणे यांत किती अंतर असते ते कोयनेकाठच्या आजीला आपल्यापेक्षा नेमके कळते.

विंडिशएशेनबाखला छिद्रणाचा उंच मनोरा त्यांनी पाडून टाकला नाही. तिथे पाहुण्यांसाठी केंद्र उभारले, शाळांची मुले येतात, खडक हातात घेऊन पाहतात. एका डच चित्रकर्तीला त्या विवरात ध्वनिग्राहक सोडून खालचा आवाज टिपण्याची मुभाही मिळाली. भोक पाडून झाल्यावर ते लोकांचे कसे करायचे, हे या गावाकडून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे कऱ्हाडजवळ हजारमाची येथे याच कामासाठी केंद्र शासनाची प्रयोगशाळा आहे, आणि तिथे कोयनेचे खडक पेट्यांतून जपून ठेवलेले आहेत. कऱ्हाडच्या एसटी स्थानकापासून ते ठिकाण लांब नाही. आपल्यापैकी किती जणांनी त्याचे नावही ऐकले आहे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपली वार्षिक सहल नेहमीच्या दोन-तीन थंड हवेच्या ठिकाणांऐवजी एक वर्ष हजारमाची आणि कोयनानगर अशी काढावी. भूगोल आणि मराठी या दोन्ही विभागांनी मिळून ती आखावी. खडक पाहून झाल्यावर पुढचे दोन दिवस हेळवाक-कोयनानगर परिसरात राहून १९६७ ची पहाट आठवणाऱ्या माणसांना भेटावे आणि ती काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्या पहाटे जी मुले दहा वर्षांची होती ती आज सत्तरीला टेकली आहेत. हे काम पाच-दहा वर्षे पुढे ढकलता येणार नाही. मिळालेले सारे पुढच्या अंकात छापावे आणि त्याच्या शेजारी विवरातून काय निघाले याचे सोप्या मराठीतले टिपण द्यावे. ते भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी लिहावे आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी तपासावे. अंकाच्या शंभर प्रती पाटण तालुक्यातल्या शाळांना पाठवाव्यात. खर्चाचा अंदाज मी काढला आहे, तो सहलीच्या नेहमीच्या वर्गणीत बसतो. सहल समितीची बैठक जुलैमध्ये भरेल, तेव्हा हा प्रस्ताव मी लेखी देणार आहे. पाटण, चिपळूण, शिराळा या बाजूंचे जे विद्यार्थी आपल्यात आहेत त्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना त्याआधी एकदा विचारून ठेवावे.